म्हणीचं बारसं

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. घरात आजी आहे आणि आजीच्या तोंडी दिवसभर म्हणी असतात. दूध सांडलं की एक म्हण, गृहपाठ राहिला की दुसरी. मुलाला वाटतं आजी टोमणे मारते. परवा तो ‘मला म्हण नको सांगू!’ असं ओरडून जेवणावरून उठून गेला. ताईंना सासूबाईंना दुखवायचं नाही आणि मुलालाही दुखवायचं नाही. त्यांनी विचारलंय, की वळण लावणाऱ्या पंचवीस-तीस म्हणींची यादी द्या आणि कुठल्या वयात कुठली सांगायची तेही लिहा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत ३२ वर्षं शिकवलं, त्यातली बहुतेक वर्षं तिसरी-चौथीच्या वर्गावर. निवृत्तीनंतर पालकांशी बोलायचं काम करते. ताई, यादी मी देत नाही. यादीच्या पुस्तिका दुकानात मिळतात आणि स्कॉलरशिपच्या परीक्षेला त्यांचा उपयोगही होतो. पण त्या पाठ करून कुठलंही मूल शहाणं झालेलं मी बघितलं नाही.

म्हण म्हणजे अनुभवाला ठेवलेलं नाव. आधी मूल जन्माला येतं, मग बाराव्या दिवशी बारसं होतं. आपण घरात बारसं आधी उरकतो आणि पाळणा रिकामाच हलवत बसतो. आठ वर्षांच्या पोराने पैसे अजून मोजलेही नाहीत, त्याला आपण ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ सांगतो. ते वाक्य त्याच्या दृष्टीने आवाज असतं, आणि आवाज चढा असला तर रागावणं असतं.

एक प्रसंग सांगते. चौथीचा वर्ग होता. एक मुलगा पेन्सिल शोधत होता. दप्तर उपसून झालं, बाकाखाली वाकून झालं, शेजारच्यावर आळ घेऊन झाला. पेन्सिल त्याच्या कानावर होती. पहिल्या बाकावरच्या मुलीला ती दिसली आणि सगळा वर्ग हसला. तोही हसला, हे महत्त्वाचं. मी काही न बोलता फळ्यावर लिहिलं, ‘काखेत कळसा, गावाला वळसा’. लगेच एकाने विचारलं, ‘बाई, देवळाचा कळस काखेत कसा मावेल?’ प्रश्न अगदी बरोबर होता. कळसा म्हणजे पाण्याचं भांडं, कळशीचा थोरला भाऊ, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पोषण आहार शिजायचा त्या खोलीतून मी कळशी आणली. एका मुलीने ती कमरेवर घेतली, दुसरा हात मोकळा सोडला आणि वर्गाला चक्कर मारत विचारू लागली, ‘माझी कळशी कुणी बघितली का?’ त्या वर्गाला ती म्हण मला पुन्हा कधी सांगावी लागली नाही. पुढे वर्षभर कुणाचं काही हरवलं की पोरं आपणहून आधी स्वतःची काख बघायची.

यात तीन गोष्टी ओळीने घडल्या. आधी फजिती झाली, मग हसू आलं, मग म्हण आली. आणि म्हणीतली वस्तू हातात आली.

या वस्तूंकडे आपण फार दुर्लक्ष करतो. आपल्या म्हणी गोठ्यात, जात्यावर, विहिरीवर, चुलीपुढे जन्मल्या. ती घरं गेली आणि म्हणी तेवढ्या उरल्या. ‘बैल गेला आणि झोपा केला’ घ्या. मी मोठ्या माणसांना याचा अर्थ विचारते. दहातले बरेचजण सांगतात, बैल चोरीला गेला आणि मालक झोपून राहिला. इथे झोपा म्हणजे झोप नव्हे. गोठ्याच्या दाराला काट्याकुट्यांचं, कुडाचं जे झापड लावायचे, तो झोपा. बैल सुटून गेल्यावर मग दार बसवलं, असा तो अर्थ आहे. हे एकदा कळलं की म्हण डोळ्यांपुढे उभी राहते. माझी भाची अमेरिकेत असते. तिच्या मुलीने गोठा बघितलेला नाही, पण सायकल चोरीला गेल्यावर बाबांनी कुलूप आणलं तेव्हा तिने आईला विचारलं, ‘आपण आता झोपा केला का?’ व्हिडिओ कॉलवर मी तिला झोप्याचं चित्र काढून दाखवलं होतं, तेवढ्यावर तिचं काम झालं.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही पलंगावर झोपणाऱ्या मुलाला कळायची नाही. घरात बाळाचं जुनं दुपटं असेल ते जमिनीवर टाका आणि त्याला त्यावर झोपायला सांगा. पाय बाहेर येतील. तो गुडघे पोटाशी घेईल, आडवा होईल, तिरका होईल, मग म्हणेल पुरत नाही. तेव्हाही म्हण सांगू नका. आठवड्याने जत्रेला किंवा मॉलमध्ये जाताना त्याच्या हातात शंभर रुपये द्या आणि म्हणा, आज हे तुझं दुपटं. त्यात काय काय बसवायचं ते तू ठरव. तो चुकेल. पहिल्याच पाळण्यात आणि आइस्क्रीममध्ये पैसे संपतील आणि बाहेर पडताना फुगेवाला दिसेल. त्या फुग्यासाठी तुम्ही पाकीट उघडलंत तर सगळं मुसळ केरात. नाही उघडलंत, आणि घरी येऊन शांतपणे ‘पाय जरा बाहेर आले ना रे?’ एवढंच विचारलंत, तर धडा झाला.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ आम्ही शाळेच्या गळक्या नळाखाली शिकलो. सेकंदाला साधारण एक थेंब पडत होता. प्रार्थनेच्या वेळी खाली बादली ठेवली, सुटीच्या घंटेला मुलांनी ते पाणी एक लिटरच्या बाटलीत ओतलं. बाटली भरून वर थोडं सांडलं. मग साठ गुणिले साठ गुणिले चोवीस करून दिवसाचे ८६,४०० थेंब निघाले, आणि चार लिटरच्या वर पाणी. मी बचतीचं नावही काढलं नव्हतं. एका मुलीने स्वतःच विचारलं, ‘मग रुपयाचंपण असंच होतं का, बाई?’

आता वयाचं. आठव्या वर्षी मुलाला दिसतं, धरता येतं, तेच खरं वाटतं. एका गोष्टीवरून दुसरी उचलायची ताकद हळूहळू येते, अकरा-बाराच्या पुढे ती भक्कम होते. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मुलांना म्हणी दिल्या आणि त्याच अर्थाचं वाक्य शोधायला सांगितलं. नऊ ते अकरा वर्षांची मुलंही चुकीच्या जोड्या लावत आणि आपलंच बरोबर कसं, हे ठामपणे पटवून देत. म्हणून मुलाने मान डोलावली की त्याला कळलं असं धरू नका. त्यालाच विचारा, असं कधी झालं होतं रे आपल्याकडे? त्याने प्रसंग सांगितला तर कळलं. नुसता अर्थ सांगितला तर पाठ झालं.

तुमच्या खऱ्या दुखण्यावर आता येते. मुलगा चिडतो ते म्हणीवर नाही. म्हणीत त्याला बसवलं जातं, त्यावर तो चिडतो. पालथा घडा तो, उथळ पाणी तो, गुळाची चव नसलेलं गाढवही तोच. या म्हणी दोन मोठी माणसं तिसऱ्याबद्दल बोलताना वापरायची आहेत, मुलाच्या तोंडावर नाही. मूल ती विशेषणं म्हणून अंगावर घेतं आणि तसंच वागायला लागतं.

हे मी माझ्या चुकीतून शिकले. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षाची गोष्ट. एक मुलगी धडा वाचताना अडखळायची आणि म्हणायची, ‘बाई, उजेड कमी आहे.’ खिडकी तिच्या बाकाशेजारीच होती. दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा माझ्या तोंडून गेलं, ‘नाचता येईना अंगण वाकडे.’ वर्ग खो खो हसला. ती खाली बसली आणि त्यानंतर चार महिने तिने हात वर केला नाही. दिवाळीनंतर शाळेत डोळे तपासणी झाली. तिला जाड भिंगांचा चष्मा लागला. तिचं अंगण खरंच वाकडं होतं. मी तिच्या घरी जाऊन तिची आणि तिच्या आईची माफी मागितली, पण हरवलेले चार महिने मला परत देता आले नाहीत. तेव्हापासून ही म्हण मी मुलासाठी वापरलेली नाही. कुणी कारण सांगत असेल तर आधी अंगण बघून येते.

मग सांगायचं कसं? जुन्या बायकांना ते बरोबर माहीत होतं. ‘लेकी बोले सुने लागे.’ या युक्तीने सुनांनी पुष्कळ सोसलंय, ते मला ठाऊक आहे. पण मुलांच्या बाबतीत ती मऊ करून वापरता येते. बोलायचं स्वतःबद्दल आणि ऐकू द्यायचं त्याला. तुमची गॅसची शेगडी बंद करायची राहिली आणि दूध उतू गेलं, तर मुलाच्या देखत म्हणा, ‘अति घाई संकटात नेई, आज माझंच झालं.’ आजीचा चष्मा आजीच्या डोक्यावरच सापडला तर तिला म्हणू द्या, ‘बघ रे, काखेत कळसा!’ मूल हसत हसत जवळ येतं. म्हण मोठ्या माणसालाही लागू होते हे त्याने बघितलं, की ती त्याला शिक्षा वाटत नाही. महिनाभराने ती त्याच्याच तोंडून येईल आणि बहुधा तुमच्यावरच येईल. तेव्हा मात्र ‘मोठ्यांना उलट बोलायचं नाही’ असं म्हणून ती मोडू नका. बरोबर जागी म्हण वापरणं ही त्याची परीक्षा होती आणि तो पास झालाय.

काही म्हणी मात्र मी मुलांच्या वाट्याला येऊच देत नाही. यावर मला घरोघरी वाद घालावे लागतात, तरी मी माझ्या मतावर ठाम आहे.

‘टाळी एका हाताने वाजत नाही.’ भावंडांच्या रोजच्या भांडणात ठीक आहे. पण शाळेत एखाद्याला चौघे मिळून रोज छळतात, तो घरी येऊन सांगतो आणि आई म्हणते, तूही काहीतरी केलं असशील, टाळी एका हाताने वाजते का? वाजते. मारणाऱ्याच्या एका हाताने चांगली वाजते. असं उत्तर मिळालेलं मूल दुसऱ्यांदा सांगायला येत नाही.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची.’ घरातलं बाहेर बोलू नये, एवढ्यासाठी आपण ती सांगतो. पण मुलाला कुठली गोष्ट घराची अब्रू आणि कुठली त्याच्या अंगावरचा अन्याय, हे वेगळं करता येत नाही. ओळखीच्या माणसाने नको तसा हात लावला तरी ते मूठ झाकूनच ठेवतं. २०१२ साली मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा आला, १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, पण मूठच उघडली नाही तर कायदा काय करणार? मुलाला स्पष्ट सांगा, की ज्या गुपिताने पोटात गोळा येतो ते आईला सांगायचंच. तिथे कुठलीही म्हण लागू नाही.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’, आणि तिची सख्खी बहीण ‘छडी लागे छम छम’. टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी. घाव दगडाला घालायचे असतात आणि पाथरवटसुद्धा दगडाची शीर बघून हात चालवतो, नाहीतर मूर्ती दुभंगते. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळेत मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. घराला तो कायदा नाही, म्हणून दहावीच्या वर्षात ही म्हण घराघरांत फिरते. कष्ट करायला लावणं आणि घाव घालणं यातला फरक मुलाला बरोबर कळतो, आपल्याला तो कळायला हवा.

आणि ‘करावे तसे भरावे’. दुसरीतल्या एका मुलाचे वडील अपघातात जायबंदी झाले. मुलगा शाळेत कुणाशी बोलेना. बऱ्याच दिवसांनी मला म्हणाला, ‘बाई, मी आईशी खोटं बोललो होतो, म्हणून बाबांचं असं झालं.’ घरात कुणीतरी कधीतरी ती म्हण सांगितली होती. सांगणाऱ्याच्या लक्षातही नसेल. पेरावे तसे उगवते हे शेताला खरं आहे, कुंडीत मेथी पेरून ते दाखवताही येतं. पण आजार, अपघात, मरण आलेल्या घरात ही म्हण उच्चारू नका. मूल हिशोब मांडतं आणि खातं स्वतःच्या नावावर काढतं.

बाईच्या जातीला, कुणाच्या जन्माला किंवा अंगातल्या व्यंगाला धरून ज्या म्हणी आहेत, त्यांचं तर सांगायलाच नको. ‘खाण तशी माती’सुद्धा मी त्यातच धरते. ज्याच्या घरातून आजवर कुणी शाळेत गेलं नाही, अशा वर्गात बसलेल्या मुलाला ती म्हण म्हणजे दार लावून घेणं आहे.

तुमच्यासाठी, म्हणजे आईवडिलांसाठी, एक म्हण आहे आणि ती मी प्रत्येक पालकसभेत सांगत आले. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ आड म्हणजे घराच्या परसातली अरुंद विहीर, पोहरा म्हणजे दोर बांधून तिच्यात सोडायचं भांडं. पोहरा म्हणजे मूल. आपण पोहऱ्यालाच रागावतो, पुन्हा पुन्हा खाली सोडतो, खडखड आवाज येतो, पाणी येत नाही. एक वडील तक्रार घेऊन आले होते, मुलगा वाचत नाही म्हणून. मी विचारलं, तुम्ही शेवटचं कधी वाचत बसलेले त्याला दिसलात? ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी रोज रात्री अर्धा तास पेपर मोठ्याने वाचायला घेतला, मुलगा शेजारी बसायला लागला. पुस्तकाकडे तो पुढच्या वर्षी वळला. वर्ष लागलं, हे मुद्दाम सांगते, कारण आडाला पाणी लागायलाही वेळ लागतो.

मूल सहावी-सातवीत गेलं की म्हणींचा वेगळाच उपयोग सुरू होतो, आणि मला तो सगळ्यात आवडतो. त्याच्यापुढे दोन उलट्या म्हणी ठेवायच्या. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, मग ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ हेही म्हणतात, साठवायचं की खायचं? शितावरून भाताची परीक्षा होते, तर एका मुलावरून त्याच्या गल्लीची का करायची नाही? भात एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजलेला असतो, माणसं तशी असतात का? ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ आणि ‘मोठ्यांचं ऐकावं’, दोन्ही घरात रोज ऐकू येतं, कधी कुठलं? यावर तेरा वर्षांची मुलं तासभर भांडतात. उत्तर तुम्ही देऊ नका. म्हण नियम नसते, ती कुणाच्या तरी एका दिवसाची साक्ष असते, हे त्यांना असं भांडता भांडताच कळतं.

आता सासूबाईंचं. त्यांना ‘म्हणी सांगू नका’ असं कृपा करून म्हणू नका. त्यांच्याजवळ जे आहे ते तुमच्या-माझ्या पिढीजवळ अर्धंही नाही. त्यांना फक्त उलटं काम द्या. म्हण शेवटी आणि गोष्ट आधी. त्यांना विचारा, ही म्हण तुम्हाला पहिल्यांदा कुणी ऐकवली आणि तुम्ही तेव्हा काय केलं होतं? मी एका घरात असं विचारलं, तर सत्तरीच्या आजींनी सांगितलं की त्यांनी लहानपणी लोणच्याची बरणी चोरून उघडली, सगळं तोंड तेलाने माखलं आणि आईने विचारल्यावर मांजरावर ढकललं. त्यांच्या आईने काही न बोलता आरसा आणून पुढे धरला. म्हण होती ‘चोराच्या मनात चांदणं’. नातू गडबडा लोळून हसत होता, आजी चोर होती याचा त्याला झालेला आनंद मी विसरणार नाही. नंतर तो तीच गोष्ट रोज मागायला लागला.

तुमचा मुलगा जेवणावरून उठून गेला त्या दिवशी नेमकी कुठली म्हण होती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं आठवून बघा. बहुतेक त्यात ‘तू’ असेल. आज रात्री आजीला तिच्या स्वतःच्या बालपणीची एखादी फजिती विचारा, मुलगा शेजारच्या खोलीत असला तरी चालेल, दार फक्त उघडं राहू द्या.